कोणत्या दंडावर

३ मार्च

चि. धाकट्यास,

ताईचे आशीर्वाद. तुझं पत्र मंगळवारी पोचलं. मी ठीक आहे. गुडघे त्यांच्या मर्जीने चालतात, डोळे अजून माझ्या. लिफ्ट पुन्हा बंद पडली आहे. एकाहत्तर वर्षांच्या बाईने पिठाची पिशवी तिसऱ्या मजल्यावर कशी न्यायची, यावर इमारतीची देखभाल बघणाऱ्या गृहस्थांनी अजून काही सुचवलेलं नाही. वरच्या बिऱ्हाडाच्या न्हाणीघरातलं पाणी माझ्या स्वयंपाकघरात ठिबकतं. प्लंबर तीनदा येऊन छताकडे बघून गेला. छताकडे बघणं हेच त्याचं काम असेल, तर तो ते उत्तम करतो.

आता तुझ्या पत्राबद्दल. चार पानं. त्यात तब्येतीला दोन ओळी, बायकोला एक, आणि उरलेलं सगळं तुझ्या दंडाला.

मला नीट कळलं आहे की नाही ते बघ. तुमच्या सिनेगॉगमध्ये नवीन रब्बी आला आहे. तिशीच्या आतला, दाढी दाट, उत्साह त्याहून दाट. तो कोट शिवायला टाकायला तुझ्या दुकानात आला. तू लांब टेबलावर कापड पसरून कापत होतास, डाव्या हाताने. ते त्याने बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या प्रार्थनेला तू तेफिलिनची ती चामडी पट्ट्याची डबी डाव्याच दंडावर बांधलीस, तेही त्याने बघितलं. मग तुला बाजूला घेऊन म्हणाला, डबी दुबळ्या हातावर बांधायची असते. उजव्याने कामं करणाऱ्याने डाव्या दंडावर, डावखुऱ्याने उजव्या. तुम्ही कापता डाव्याने आणि बांधता डाव्यावर, हे कसं? तू म्हणालास, मी लिहितो उजव्याने. तो म्हणाला, जन्मापासून? आणि तू म्हणालास, ताईला विचारतो.

ताईला विचारतो. साठ वर्षांचा माणूस. चाळीस वर्षं लोकांचे कोट कापणारा, दोन सुनांचा सासरा. रब्बीने कपाळाला हात लावला नाही हे त्याचे उपकार.

धाकट्या, ह्या दोन काळ्या डब्यांनी आपल्या घराच्या नाकी नऊ आणले आहेत, आणि ते काही आजचं नाही. मला कोणी काही शिकवलं नव्हतं, मुलींनी बांधायचं नसतं. पण बाबांपुढे रोज सकाळी आरसा धरून उभी कोण राहायची? आत चर्मपत्रावर चार वचनं लिहिलेली, एक डबी दंडावर, एक डोक्यावर. दंडावरची किंचित आत, हृदयाकडे कललेली. पट्ट्याची काळी बाजू बाहेर. कोपराखाली सात वेढे. डबी आणि कातडी यांच्यामध्ये धागासुद्धा येता कामा नये, म्हणून बाही खांद्यापर्यंत वर आणि घड्याळ काढून टेबलावर. डोक्यावरची डबी कपाळावर घसरू द्यायची नाही. केस जिथून सुरू होतात त्याच्या वर, दोन डोळ्यांच्या बरोबर मध्ये. बाबांना टक्कल पडलं तेव्हा पूर्वी केस कुठून सुरू व्हायचे ते त्यांना आठवावं लागे, आणि त्यांच्या आठवणीतले केस दर वर्षी बोटभर पुढे येत. मी आरशामागून सांगायची, बाबा, तिथे तुम्हाला कधीच केस नव्हते. ते हाताने गप्प बस अशी खूण करायचे, कारण दंडाची बांधून झाली की डोक्याची बांधेपर्यंत अवाक्षर काढायचं नाही.

सगळ्या नियमांत हा एकच मला पटतो. तू एकदा म्हणाला होतास की दिवसातलं तेवढंच अर्धं मिनिट तुला आवडतं, कारण तेव्हा कोणी तुला बोल म्हणत नाही. मी तेव्हा विषय बदलला होता. आताही बदलते.

तर तुझा प्रश्न. मी जन्माला आलो तो कोणत्या हाताचा, असं तू मला विचारतोस. मी तुझी बहीण आहे, जन्मनोंदणी कार्यालय नाही. लहान मूल जे दिसेल ते दोन्ही हातांनी उपसतं. आई गेली तेव्हा तू चार वर्षांचा होतास, मी पंधरा. घर, बाबा, माझी शाळा आणि तू, एवढं सांभाळताना कोणी तुझ्या हातांची नोंद ठेवत बसलं नव्हतं. मला आठवत नाही.

तू उजव्या हाताने लिहितोस, आणि अक्षर चांगलं आहे. तेवढं पुरे. रब्बीला सांग, तुम्ही कोटाचं माप द्या आणि गप्प बसा.

फोन कर असं लिहिणार होते. पण फोनवर तू अडखळतोस, मी तुझं वाक्य पुरं करते, मग दोघंही रागावून फोन ठेवतो. त्यापेक्षा पत्र बरं. मात्र पुढचं पत्र लिहिशील ते माणसांबद्दल लिही.

तुझी,
ताई


२१ मार्च

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. प्लंबर आला, त्याने छत फोडलं, आणि गेला. आता पाणी ठिबकत नाही, सरळ पडतं.

रविवारी तुझ्या बायकोचा फोन आला. ती बिचारी सहसा कुणाची तक्रार करत नाही, म्हणून मी चष्मा लावून ऐकलं. तिचं म्हणणं, तू आता रोज सकाळी दोनदा बांधतोस. आधी डाव्या दंडावर, आशीर्वचन म्हणून. मग सगळं सोडून, पट्टा गुंडाळून, पुन्हा उजव्या दंडावर, काही न म्हणता, शंका नको म्हणून. उजव्यावर बांधताना डाव्या हाताने वेढे द्यायची सवय नाही म्हणतोस, पण ते डाव्याने झरझर पडतात आणि तू त्यांच्याकडे बघत बसतोस. चहा दोनदा गरम करावा लागतो. दुकानाची किल्ली तुझ्याकडे, त्यामुळे शिलाईवाले बाहेर पायरीवर बसून राहतात. ती म्हणाली, "ताई, तुम्ही काय ते एकदा सांगून टाका ना, म्हणजे ह्यांची आणि माझी सुटका होईल."

मी तिला म्हटलं, मी काय सांगणार.

मग तुझं पत्र आलं. रब्बीने तुला सगळा काथ्याकूट समजावून सांगितला आहे आणि तू तो मला उतरवून पाठवला आहेस, जसं काही माझी परीक्षा आहे. माणूस एका हाताने लिहितो आणि बाकी सगळं दुसऱ्याने करतो, तर काही पंडित म्हणतात लिहितो तो हात धरा, काही म्हणतात कामं करतो तो धरा. बहुतेक जण लिहिण्याच्या बाजूने आहेत. ठीक. मग संपलं की. पण नाही. पुढे शेपूट आहे. लिहिण्याचा हात जन्मजात असेल तर गोष्ट वेगळी, आणि मुळात डावखुऱ्याला कोणी मुद्दाम वळवलं असेल तर वेगळी. म्हणून त्याला मूळ काय ते हवं आहे. पुढच्या महिनाअखेर तो आपल्या गुरूंकडे जाणार, तेव्हा प्रश्न बरोबर नेणार. म्हणजे एप्रिल संपायच्या आत ताईने आठवायचं.

मी दोन गोष्टी सांगते.

पहिली. तुझ्या शास्त्रात बाईची साक्ष कितीशा बाबतीत चालते? मी चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, त्यातली अकरा मुख्याध्यापिका होते, माझ्या एका सहीवर मुलींची वर्षं पुढे सरकत. पण दस्तावर साक्षीला मी तुमच्याकडे उभी राहू शकत नाही. मग ह्याच बाबतीत माझी एवढी आठवण का? पुरुषांना विचारा. बाबांना विचारा, गुरुजींना विचारा. दोघंही नाहीत म्हणून तुम्हाला बाई आठवली.

दुसरी. त्याच नियमांत एक सोय आहे आणि ती तू पत्रात चौथ्या ओळीत लिहून पुढे गेलास. दोन्ही हात सारखेच चालणारा माणूस सगळ्यांसारखा डाव्या दंडावर बांधतो. झालं. तू दोन्ही हातांचा आहेस. उजव्याने लिहितोस, डाव्याने कापतोस, देवाने एकाला दोन हात दिले ते तू दोन्ही वापरतोस. तसं रब्बीला लिहून दे, डाव्यावर एकदाच बांध, आणि वेळेवर दुकान उघड. कोणाचं काही बिघडत नाही. मागचं सगळं बरोबर ठरतं, पुढचं बरोबर ठरतं. मला कळत नाही की इतकी सरळ वाट असताना तुला काट्यांतून जायची हौस का.

शिवाय हा प्रश्न काही नवा नाही. तू तेरा वर्षांचा होतास आणि गुरुजी तुला बांधायला शिकवायला घरी आले होते, तेव्हा त्यांनी विचारलंच होतं. तेव्हा ठरलं ते ठरलं. ते म्हातारे काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते.

बायकोला सांग, चहा एकदाच कर. थंड झाला तर त्याने थंड प्यावा.

तुझी,
ताई


९ एप्रिल

धाकट्या,

हे पत्र मी चारदा लिहून चारदा फाडलं. हे पाचवं आहे आणि ते कसंही उतरलं तरी आज टपालात पडेल. छताचं, गुडघ्यांचं काही लिहीत नाही.

तुझ्या शेवटच्या पत्रात तीन गोष्टी होत्या. रब्बी म्हणतो, कोर्टकज्ज्यातल्या साक्षीची गोष्ट वेगळी, पण अशा घरगुती बाबतीत घरातल्या बाईचा शब्द मानतात, तेव्हा तुमच्या ताईंचा मानू. हे एक. दुसरं, तू मला विचारलंस की गुरुजींनी प्रश्न विचारला तो कोणाला? तुला तर कोणी विचारल्याचं आठवत नाही. आणि तिसरी ती यादी.

तू दोन्ही हातांचा आहेस असं रब्बीला लिहून देण्याआधी तुला खात्री करायची होती, म्हणून एक अख्खा दिवस तू खिशात कागद ठेवलास आणि जे उचलशील ते कोणत्या हाताने उचललं याची नोंद केलीस. किल्ली डाव्या. दाताचा ब्रश डाव्या. चमचा, कंगवा, छत्री, दाराची मूठ, कात्री, नातीचा हात. टेबलावरचा खडू, कापडावर रेघ मारताना डाव्या हातात. तोच खडू, रेघेशेजारी मापाचा आकडा लिहिताना उजव्या हातात. सत्तावीस गोष्टी. सव्वीस एका बाजूला. खाली काही स्पष्टीकरण नाही, उपदेश नाही, फक्त एवढंच लिहिलंस: "ताई, लिहिणंच का?"

सांगते.

तू डावखुरा जन्मलास. मला आठवत नाही असं मी लिहिलं ते खोटं होतं. मला सगळं आठवतं. आई तुला भरवायची नाही, तू स्वतःच खायचास, डाव्या हाताने, आणि ती म्हणायची, ह्याचा हा हात आधी जागा होतो. आईने कधी तो हात बदलायचा प्रयत्न केला नाही.

मी केला. तू पाच वर्षांचा होतास. शाळेत प्रवेशाची परीक्षा तीन महिन्यांवर होती, आणि त्या शाळेत डाव्या हाताने लिहिणाऱ्या पोराच्या बोटांवर लाकडी पट्टी बसायची. मी त्याच इमारतीत वरच्या वर्गात शिकत होते, मी ते बघितलं होतं. मी सोळा वर्षांची होते. घरात मला विचारणारं कोणी नव्हतं आणि सांगणारंही नव्हतं. बाबा सकाळी जायचे ते दिवे लागल्यावर यायचे. मी ठरवलं की तुला शाळेत मार बसू द्यायचा नाही. म्हणून मी घरी मारलं.

मारून जमलं नाही. पाटीवर पेन्सिल टेकवताना तू माझ्याकडे बघून उजव्यात घ्यायचास, आणि मी नजर फिरवली की ती डाव्यात गेलेली असायची. तू लबाडी करत नव्हतास. तुला कळतही नसे. ते मला आज कळतं. तेव्हा मला वाटलं, पोरगं हट्टी आहे. मग मी माझ्या गणवेशाचा कमरेचा पट्टा काढला आणि तुझा डावा हात खुर्चीच्या पाठीला बांधला. दंडापासून मनगटापर्यंत. रोज दुपारी मी शाळेतून आल्यावर एक तास, तीन महिने. तेफिलिनच्या पट्ट्याचे वेढे मोजून सात असतात. मी माझे मोजले नव्हते.

तू पहिले काही दिवस रडलास. मग रडायचा थांबलास आणि लिहायला लागलास. परीक्षेत तुझं अक्षर सगळ्या मुलांत चांगलं ठरलं. बाबांनी माझी पाठ थोपटली. मलाही अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू. पुढे शिक्षिका म्हणून माझं नाव झालं ते ह्याच खाक्यावर, की हिच्या हाताखाली पोरगी सरळ होते.

आता जे तू विचारलं नाहीस ते.

तू तोतरा जन्मला नव्हतास. आई असताना तू अखंड बोलायचास. शेजारीण म्हणायची, ह्याला बंद करायची कळ कुठे आहे. तू अडखळायला लागलास ते त्या तीन महिन्यांत. आधी माझ्या नावाशी अडायचास. "ता" म्हणायचास आणि पुढचं येत नसे. मला वाटलं, नाटक करतोस. मग शाळेत वाचायला उभं केलं की अडायचास, मग दुकानात, मग सगळीकडे. मी त्यावर मिळेल ते वाचलं आहे. आजकालचे डॉक्टर म्हणतात, हात बदलण्याचा आणि जीभ अडण्याचा संबंध असेलच असं नाही. तसं असेल. त्यांना शास्त्र माहीत आहे, मला तारखा माहीत आहेत.

तू कॉलेजात गेला नाहीस, कारण तोंडी परीक्षा. सिनेगॉगमध्ये वाचायला नाव पुकारलं की तू पाणी प्यायला बाहेर जातोस. आणि तू कटर झालास, कारण कात्रीला बोलावं लागत नाही. हे तू मला कधी सांगितलं नाहीस, मी बघितलं आहे. तुझे ते म्हातारे उस्ताद, ज्यांच्याकडे तू काम शिकलास, त्यांनी पहिल्याच दिवशी तुला म्हटलं होतं, ज्या हाताने सरळ कापता येतं त्या हाताने काप, मला कापडाशी मतलब आहे. मी तेव्हा नोकरीनिमित्त दुसऱ्या गावी होते. एका परक्या माणसाने एका वाक्यात तुला तुझा हात परत दिला. घरी बसून ते मला जमलं नव्हतं.

तुझ्या दुकानात मी एकदाच आले होते, तुला आठवत असेल. तू मला तुझी कात्री दाखवलीस, डावखुऱ्यांसाठी उलटी पाती लावून मुद्दाम बनवून घेतलेली. तू किती खूश होतास. मी म्हटलं, इथे फार कोंदट आहे, आणि बाहेर जाऊन उभी राहिले. तिथे कोंदट वगैरे काही नव्हतं.

आता गुरुजी. ते आले तेव्हा तू तेरा वर्षांचा. त्यांनी टेबलावर डब्या काढून ठेवल्या. तुला पाणी दिलं, तू पेला डाव्या हाताने उचललास. म्हाताऱ्याची नजर तेज होती. त्यांनी तुला खुर्ची आणायला आत पाठवलं आणि बाबांना विचारलं, हा डावखुरा आहे का? बाबा म्हणाले, लिहितो उजव्याने. गुरुजी म्हणाले, जन्मापासून? बाबांना माहीत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी चोवीस वर्षांची होते, नुकती नोकरीला लागले होते, आणि त्या क्षणी मला एवढंच दिसलं की हो म्हटलं तर विषय संपतो आणि नाही म्हटलं तर गुरुजी विचारणार, मग बदलला कोणी, कसा. मी म्हटलं, "जन्मापासून." तू खुर्ची घेऊन आलास. गुरुजींनी तुझी डावी बाही वर केली.

म्हणून गेली सत्तेचाळीस वर्षं तू रोज सकाळी, शनिवार आणि सणवार सोडून, तोच दंड बांधतोस जो मी बांधला होता. तू एकदा माझ्याकडे चार दिवस राहिलास, तेव्हा खिडकीपाशी उभा राहून बांधत होतास. तुझा उजवा हात पट्टा ओढत होता आणि डावा स्वस्थ, आज्ञाधारक उभा होता. मी आत जाऊन पातेली घासली. ती घासलेलीच होती.

मला सगळ्याचा राग येतो. मी रागीट बाई आहे, तुला नवीन नाही. त्या शाळेचा येतो, बाबांचा येतो, त्यांनी घरात कधी डोळे उघडून बघितलं नाही. तुझाही येतो, की साठ वर्षांत तू एकदाही विचारलं नाहीस. तुला दुपारी खुर्चीवर बसणं नको वाटतं, तू दुकानात दिवसभर उभा असतोस, तरीही तुला कधी वाटलं नाही की हे कुठून आलं? पण पाच वर्षांच्या मुलाने लक्षात ठेवावं अशी अपेक्षा मी करते आणि सोळा वर्षांच्या मुलीला सूट देते, हे गणित कोणत्याही वर्गात चुकीचंच ठरेल. त्या रब्बीचा मात्र आता येत नाही. इतक्या वर्षांत तुझ्या हाताकडे नीट बघणारा तो चौथा माणूस. आई, गुरुजी, उस्ताद आणि तो.

आता कामाचं. तू वळवलेला डावखुरा आहेस, दोन्ही हातांचा नाहीस. माझी ती सोय विसर. रब्बी आणि त्याचे गुरू काय ठरवतील ते ठरवोत, पण खरं काय ते त्यांच्यासमोर असू दे. उजव्या दंडावर बांध म्हणाले, तर आहे तीच डबी नुसती हात बदलून चढवू नकोस. तिची गाठ हृदयाच्या बाजूला यावी लागते, ती उजव्यावर उलट्या बाजूला जाईल. जाणकाराकडून पट्टा काढून गाठ नव्याने बांधून घे. मधल्या सत्तेचाळीस वर्षांचं काय, असं तुझ्या मनात येईल. त्याचं उत्तर त्यांना विचार. माझ्याकडून एवढंच, की चूक झाली असेल तर ती तुझ्या खात्यावर नाही.

मी माफी मागत नाही. माफी मागितली की समोरच्याला काहीतरी उत्तर द्यावं लागतं, आणि तुला कोणी उत्तर द्यायला उभं करावं असं मला यापुढे वाटत नाही. हवं तेव्हा लिही, नको असेल तर लिहू नकोस. फोन केलास आणि अडलास, तर मी थांबेन. वाक्य तूच पुरं कर, कितीही वेळ लागला तरी.

रब्बीला दाखवायचा मजकूर खाली वेगळा लिहिते, म्हणजे वरचं दाखवावं लागणार नाही. दाखवायचं असेल तर दाखव.

माझा धाकटा भाऊ जन्मतः डावखुरा आहे. तो पाच वर्षांचा असताना मी त्याचा डावा हात खुर्चीला बांधून त्याला उजव्या हाताने लिहायला भाग पाडलं. तो तेरा वर्षांचा असताना त्याच्या गुरुजींनी मला विचारलं आणि मी त्यांना खोटं सांगितलं. हे मी कोणाकडून ऐकलेलं नाही. हे मी केलेलं आहे.

तुला बांधणारा आणि हे लिहिणारा हात एकच,
ताई